गळ्यातली गाठ आणि गुरुजींची घाई

थायरॉइड हा शब्द जव्हारमध्ये आता सगळ्यांना येतो. मी दवाखाना उघडला तेव्हा येत नव्हता. गळ्याला फुगवटा दिसला की लोक मिठाला दोष द्यायचे आणि गप्प बसायचे. आता उलट झालंय. वजन वाढलं, केस गळले, कशात मन लागेना, की थायरॉइड. मध्यंतरी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. म्हणाल्या, "हिला थायरॉइड आहे का बघा, सकाळी उठतच नाही." सासूबाईंचा सुजल्यासारखा चेहरा आणि घोगरा आवाज बघून मी दोघींचंही रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड निघाला सासूबाईंना. सुनेला फक्त झोप कमी पडत होती.

मी फिजिशियन. जव्हारच्या बाजारात दवाखाना, आणि दर गुरुवारी मोखाड्याला एका खोलीत बसते. या भागाचं नाव बाहेरच्यांनी ऐकलेलं असतं ते कुपोषणाच्या बातम्यांत. बातम्यांत आलेल्या वावर-वांगणी या गावांची नावं घेऊन लोक अजून मला विचारतात, "तिथं काम करता? धन्य आहात." मला त्याचा थोडा कंटाळा येतो. इथल्या माणसाला भूक सोडून दुसरा आजारच होत नसावा, असं त्यांना वाटतं की काय कोण जाणे. इथेही लोकांची पोटं बिघडतात, गुडघे दुखतात, नवऱ्याच्या बीपीवरून बायको भांडते, आणि इथल्याही गळ्यात ती फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. ती मुंबईतल्यासारखीच बिघडते. फरक इतकाच, की मुंबईत तिचं रक्त तपासून संध्याकाळी रिपोर्ट मिळतो. आमच्याकडे बरीच वर्षं ते रक्त एसटीनं नाशिकला जायचं आणि रिपोर्ट यायला कधी आठवडा लागायचा. तोवर माणूस गावी गेलेला, नाहीतर ठाण्याला कामावर. ज्यांना रिपोर्ट सांगायचा राहून गेला असे काही चेहरे मला अजून आठवतात.

या ग्रंथीचं काम अगदी साधं आहे. रक्तातून आयोडीन ओढून घ्यायचं, त्याचं संप्रेरक बनवायचं, ते साठवून ठेवायचं आणि लागेल तसं थोडं थोडं सोडायचं. शरीराचा वेग त्यावर ठरतो. जास्त झालं की माणूस धावतो, धडधडतो, चिडतो, वाळतो. कमी झालं की सुस्तावतो, फुगतो, त्याला थंडी वाजते. कॉलेजात मला इतकंच नीट कळलं होतं. ही ग्रंथी दुसऱ्या कुणाचं ऐकून बिघडू शकते, हे मला कळलं ते आमच्या चौकातल्या भांड्यांच्या दुकानदारामुळे. त्यांना आपण शेठ म्हणू.

शेठना क प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस सी, निघाली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली. आता त्या आजारावर चांगल्या गोळ्या आहेत, ती इंजेक्शनं मागे पडली. तेव्हा तीच होती. इंटरफेरॉन हे बाहेरचं औषध नाही. विषाणू शिरला की आपल्या पेशी स्वतःच ते बनवतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. असे पुष्कळ रेणू आहेत, त्या सगळ्यांना मिळून सायटोकाइन म्हणतात. शेठना तेच इंजेक्शनातून मिळत होतं, म्हणजे यकृतातल्या विषाणूविरुद्ध शरीर जोरानं लढेल.

काही महिन्यांनी शेठच्या पत्नी एकट्याच माझ्याकडे आल्या.

"डॉक्टर, यांचं काहीतरी बिघडलंय."

"काय होतंय?"

"घासाघीस करत नाहीत."

मला हसू आलं, पण बाईंचा चेहरा गंभीर होता. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हणतं एवढ्याला द्या, हे म्हणतात घेऊन जा. काल एका बाईला म्हणाले, काय द्यायचं ते द्या पण बोलू नका. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी नाही बघितलं."

शेठना बोलावून घेतलं. हात थरथरत होते, नाडी पळत होती, खुर्चीत बसवत नव्हतं. थायरॉइडचं संप्रेरक भरमसाट वाढलेलं निघालं. नाशिकच्या डॉक्टरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "होतं असं. इंजेक्शनचा परिणाम. धडधडीची गोळी द्या आणि लक्ष ठेवा." पुढे त्याच शेठचं संप्रेरक इतकं खाली आलं, की ते गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागले. इंजेक्शनं संपल्यावर काही महिन्यांनी गाडी रुळावर आली. विषाणूही गेला. घासाघीस परत सुरू झाली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

माझ्या मनातून मात्र ती गोष्ट गेली नाही. शेठच्या गळ्यात जंतू शिरला नव्हता, मार लागला नव्हता. फक्त सावध करणारा एक रेणू रक्तात वाढला आणि थायरॉइडच्या पेशींनी आपलं काम बदललं. त्यानंतर मी त्या विषयावर मिळेल ते वाचत राहिले. आमच्या गुरुजींच्या वेळी ते वाचन कामाला आलं.

गुरुजी म्हणजे भोये गुरुजी. हे त्यांचं खरं नाव नाही. हे लिहायला त्यांची परवानगी आहे. त्यांनी कच्चा मजकूर वाचला आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या, मजकुराबद्दल मात्र चकार शब्द बोलले नाहीत. खोडाळ्याच्या अलीकडे त्यांचं गाव. शेती भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. तेव्हा वय पन्नाशीच्या आसपास. उंच, काटक, आवाज असा की वर्गातून बोलले तर विहिरीवर ऐकू यावं.

गुरुजी बोहाड्यात सोंग घ्यायचे. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. देव, दैत्य, सगळ्यांचे मुखवटे चढवून गावातली माणसं संबळाच्या तालावर नाचतात. काही मुखवटे चांगलेच जड असतात. त्या वर्षी बोहाड्याच्या आधी शाळेतली निम्मी मुलं सर्दी-तापानं आजारी होती, गुरुजींनाही घसा धरून ताप आला होता. ताप गेला, गुरुजी नाचले, आणि थोड्याच दिवसांत मान दुखायला लागली. साहजिकच त्यांनी मुखवट्याला दोष दिला. मग दुखणं जबड्यात गेलं. गुरुजी दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, दाढ चांगली आहे. गुरुजी म्हणाले, दाढ माझी आहे, काढा. दाढ काढली, दुखणं राहिलं. मग कान दुखायला लागला. कानात थेंब घातले. मग एका सकाळी दाढी करताना गळ्याला डाव्या बाजूला गाठ हाताला लागली.

गुरुजींचे एक चुलते गळ्याच्या गाठीनं गेले होते. लहानपणी गुरुजींनी ते सगळं पाहिलेलं होतं.

ते मोखाड्याला माझ्याकडे आले ते बायकोबरोबर, मंदाताईंबरोबर. एरवी दवाखान्यात माणूस मुख्य तक्रार शेवटी सांगतो, उठून दाराशी गेल्यावर. गुरुजींनी बसायच्या आधीच सांगितलं.

"मॅडम, मला कॅन्सर आहे. किती काळ आहे तेवढं सांगा. अश्विनीचं लग्न उरकायचंय."

अश्विनी त्यांची एकुलती एक मुलगी. नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"कुणी सांगितलं कॅन्सर आहे म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे. गाठ आहे, वजन उतरतंय, घास गिळवत नाही, झोप नाही. चुलत्यांचं असंच झालं."

मंदाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाय, ह्यांनी सोयरीक पन जुळवली. इक्रमगडचा पोरगा हाय, कारकून. पोरगा चांगला हाय. पन पोरीचं शिक्षान अर्ध्यात हाय ना."

मी गुरुजींच्या गळ्यावर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं. गुरुजी खुर्चीतून उठलेच.

मला त्याच क्षणी निम्मा धीर आला. डॉक्टरनं रुग्णाच्या वेदनेवर खूश व्हावं हे ऐकायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं. थायरॉइडमधली कॅन्सरची गाठ सहसा इतकी दुखत नाही. नाडी जोरात पळत होती, पुढे केलेली बोटं थरथरत होती, तळहात ओले. आधी सर्दी-ताप, मग गळा, जबडा, कान असं फिरणारं दुखणं. थायरॉइडला सूज आलेली असावी असं वाटलं. पण वाटणं वेगळं आणि खात्री वेगळी. समोरच्या माणसानं मरणाची तयारी केलेली असताना अंदाजानं बोलून चालत नाही. मी सांगितलं, "मला हे कॅन्सरसारखं वाटत नाही. पण तपासून बघू. रक्त देऊन जा, छातीचा एक्स-रे काढा, आणि नाशिकला जाऊन गाठीत सुई घालून तपासणी करून घ्या. तोवर लग्नाची तारीख धरू नका."

गुरुजी "बरं" म्हणाले. ते बरं होकाराचं नव्हतं, हे मला पुढच्या खेपेला समजलं.

पुढच्या खेपेला दवाखान्यासमोर जीप उभी राहिली आणि तिच्या टपावर एक निळी पत्र्याची पेटी बांधलेली दिसली. जीपमधून गुरुजी उतरले, मंदाताई उतरल्या आणि मागून अश्विनी. सडपातळ, वडिलांसारखीच उंच. रडून झाल्यावर तोंड धुतलेलं कळत होतं. गुरुजी तपासणीला नाशिकला गेले ते येताना मुलीला हॉस्टेलमधून पेटीसकट घेऊन आले होते. परीक्षा तोंडावर होती.

रिपोर्ट माझ्या हातात होते. सुईच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. सुजेच्या पेशी होत्या. ईएसआर म्हणजे रक्तातली सूज दाखवणारी तपासणी, ती आकाशाला भिडली होती. संप्रेरक वाढलेलं. छाती स्वच्छ, साखर ठीक. सगळं माझ्या अंदाजाप्रमाणे होतं. मी आनंदानं सांगितलं, "गुरुजी, कॅन्सर नाही."

गुरुजींनी गळ्याच्या उजव्या बाजूला बोट दाखवलं. "सुई डावीकडं घातली. परवापासून इकडं दुखतंय. म्हणजे पसरलंय. इकडची सुई कुठं घातलीत?"

तर्क बिनचूक होता. दुखणं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सरकणं हे या आजाराचं लक्षणच आहे, पण गुरुजींना ते कुठून माहीत असणार. मी समजवायला लागले. "असं बघा, शरीरात एखादा चोर शिरला की पहारेकरी..."

"मॅडम," गुरुजींनी हात वर केला, "उपमा नको. मी चौथीला शिकवतो. उपमा केव्हा देतात ते मला माहीत आहे."

"केव्हा देतात?"

"आपल्याला नीट समजलेलं नसलं की."

अश्विनी खाली मान घालून हसली. ती त्या दिवशी पहिल्यांदाच हसली असावी. मी खुर्ची पुढे ओढली आणि उपमा सोडून दिली.

"ठीक आहे. तुम्हाला सर्दी-ताप आला तो विषाणूनं. त्याच्याशी लढायला शरीरानं काही रेणू बनवले. त्यांना सायटोकाइन म्हणतात. हे रेणू एका पेशीनं सोडायचे आणि दुसऱ्या पेशीनं ओळखायचे. ते मिळाले की पेशी आपलं वागणं बदलते. ताप येतो, अंग दुखतं, भूक जाते, ते यांच्यामुळेच."

"बरोबर," अश्विनी हळूच म्हणाली. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं.

"आता ताप गेला. बहुतेकांच्यात हे रेणूही ओसरतात. काही जणांच्या थायरॉइडमध्ये ते ओसरत नाहीत. तिथं सूज धरते. सूज धरली की ग्रंथी ताणली जाते, म्हणून दुखतं. मान, जबडा, कान यांच्या नसा जवळजवळच्या, म्हणून दुखणं तिकडंही जाणवतं. तुमच्या दाढेत काही नव्हतं."

गुरुजींचा हात नकळत गालाकडे गेला.

"या रेणूंमुळे थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढणं कमी करतात. नवीन संप्रेरक बनवणं जवळजवळ थांबवतात. पण जुनं बनवून साठवलेलं असतं ना, ते पेशी फुटल्यामुळे एकदम रक्तात सांडतं. म्हणून तुमची नाडी पळतेय, हात थरथरतायत, झोप नाही, वजन उतरतंय. कॅन्सरनं नाही. साठा सांडल्यामुळे."

"म्हणजे ग्रंथी काम करत नाही, तरी रक्तात जास्त?"

"हो."

"साठा संपल्यावर?"

"मग काही काळ कमी पडेल. तुम्ही सुस्त व्हाल. मग पेशी पुन्हा उभ्या राहतील आणि काम सुरू करतील. बहुतेकांचं पूर्ण बरं होतं."

बाहेर जीपवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला.

"आणि हे सगळं खरं कशावरून?" गुरुजींनी विचारलं. उद्धटपणानं नाही. पाचव्या रांगेतला मुलगा विचारतो तसं.

आता हातात एकच गोष्ट होती. या आजारात स्टिरॉइड दिलं की ते रेणू तयार होणंच दबतं, आणि दुखणं इतक्या झटकन जातं की डॉक्टरलाही नवल वाटावं. आमच्या भागात स्टिरॉइड द्यायचं तर आधी क्षय नाही ना हे बघावं लागतं, असला तर तो भडकतो, म्हणूनच मी एक्स-रे काढायला लावला होता. मी म्हटलं, "गुरुजी, या गोळ्या आज जेवणानंतर घ्या, उद्या सकाळी घ्या. परवापर्यंत दुखणं तसंच राहिलं तर माझं चुकलं. मी स्वतः लग्नाला येईन. आणि दुखणं गेलं, तर ती पेटी परत नाशिकला जाईल."

"पेटीचं आत्ताच काय..."

"पेटीचंच बोला, बाबा," अश्विनी म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, लग्नाला माझं नाही म्हणणं नाही. मुलगा मला पटलाय. पण बाबा जाणार म्हणून मला कुणाकडे सोपवायला नको. बाबा खरंच जाणार असतील तर मी घरी राहून त्यांचं करीन. लग्न कशाला करायचं मग?"

मंदाताई रडायला लागल्या. गुरुजींनी टेबलावरच्या गोळ्या उचलून खिशात टाकल्या आणि म्हणाले, "परवा म्हणजे परवा."

ते गेले आणि मी पुढच्या रुग्णाचा रक्तदाब दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा आकड्याकडे माझं लक्षच नव्हतं. पुस्तकात जे लिहिलंय ते रुग्णाच्या शरीरानं वाचलेलं नसतं, हे इतक्या वर्षांत मला माहीत झालं होतं. गोळी लागू पडली नाही तर एका मुलीचं शिक्षण माझ्या शब्दापायी जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जव्हारच्या दवाखान्यात फोन वाजला. मंदाताई होत्या.

"बाय, हे जेवले."

"काय जेवले?"

"नागलीची भाकर. चावून जेवले. आन परत मागितली."

मी विचारलं, "गुरुजी काय म्हणतात?"

"काय नाय. पोरीची पेटी जीपवाल्याला बांधाय सांगतायत. मना बोलले, दोर घट बांध म्हनावं, घाटात सुटंल."

अश्विनी परीक्षेला वेळेत पोचली.

इथं गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं, पण गुरुजी गुरुजी होते. दुखणं गेलं तशी त्यांनी गोळ्याही बंद केल्या. मी हळूहळू कमी करायला सांगितलं होतं. गोळ्या एकदम थांबल्या, ते रेणू पुन्हा वाढले, आणि गुरुजी गळा धरून परत माझ्यासमोर. या वेळी कॅन्सरचं नाव काढलं नाही. वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे बसले होते.

"गोळ्या का थांबवल्या?"

"बरं वाटत होतं."

"तुमच्या वर्गातला मुलगा बरं वाटलं म्हणून पाढे अर्ध्यात सोडतो का?"

"सोडतो," गुरुजी म्हणाले. "सगळेच सोडतात."

मग मात्र त्यांनी गोळ्या नेमानं घेतल्या, सांगितल्या तशा कमी करत नेल्या. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, मी सांगितलं होतं तसा साठा संपला आणि संप्रेरक खाली आलं.

हा काळ त्यांच्या घरात आणि शाळेत अजून आठवणीत आहे. गुरुजींचा आवाज उतरला. चालणं मंदावलं. ऐन उकाड्यात ते स्वेटर घालून शाळेत जायचे. मुलांनी गोंगाट केला तर म्हणायचे, "करा, पण जरा हळू करा." गृहपाठ विसरलेल्याला म्हणायचे, "उद्या आण. नाहीतर परवा आण." गावातल्या लोकांना वाटलं, मरणाच्या दारातून आला, माणूस संत झाला. दोन-तीन जण तर त्यांच्याकडे घरगुती भांडणं सोडवायला येऊ लागले. गुरुजी ऐकून घेता घेता झोपून जायचे आणि भांडणारे एकमेकांना "हळू बोल, गुरुजी झोपलेत" म्हणत समेट करून निघून जायचे. हे मला मंदाताईंनी सांगितलं. त्यात त्यांनी किती पदरचं घातलं ते मला माहीत नाही.

तपासणीला आल्यावर गुरुजी बाहेर बाकावर बसले असताना मंदाताई आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"बाय, एक इचारू? हे असंच ठेवता येल का?"

"असंच म्हणजे?"

"गरीब. आता कसं गरिबावानी असतात. चहा थंड झाला तरी पितात. तुमी गोळी देनार, मंग पयल्यासारखं होनार ना?"

त्या थट्टा करत होत्या की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, "मंदाताई, संप्रेरकाची गोळी मी कमी मात्रेचीच देणार आहे, ती पण काही महिने. पण त्यांच्या पेशी आपोआप उभ्या राहणार. माझ्या हातात नाही ते."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या उसासा टाकून म्हणाल्या.

दिवाळीनंतर गुरुजींचा आवाज परत आला. मोखाड्याच्या माझ्या खोलीत बसल्या बसल्या मला तो रस्त्यावरून ऐकू आला. जीपवाल्याशी भाड्यावरून वाद चालला होता. शेठची आठवण होऊन मी मनातल्या मनात हसले. रक्त तपासलं, सगळं जागच्या जागी. गोळी हळूहळू बंद केली. नंतरही ते ठीक राहिले.

विक्रमगडच्या मुलाकडची मंडळी थांबायला तयार झाली. मुलगा समजूतदार होता. त्यानंच आईवडिलांना सांगितलं, नर्स होऊ दे, मग बघू. अश्विनीनं कोर्स पूर्ण केला, नोकरी धरली, आणि मग लग्न केलं. मी लग्नाला गेले. गुरुजींनी मला मंडपात बसवलं आणि स्वतः वाढायला उभे राहिले. बुंदी वाढताना म्हणाले, "मॅडम, पैज तुम्ही जिंकलात आणि लग्नालाही आलात. हे कसं काय?"

मी बरेच आजार पाहिले आणि त्यातले पुष्कळ माझ्याशिवायच बरे झाले. हाही त्यातलाच. मी दुखणं थांबवलं, धडधड कमी केली, कमी पडलं तेव्हा थोडं भरून काढलं. बाकी त्या पेशींनी आपलं आपण सावरलं. पण त्या सावरेपर्यंत माणसानं घाईत काही उलटंपालटं करून बसू नये, एवढं बघणं हेही डॉक्टरचं काम आहे, हे मी गुरुजींकडून शिकले. सायटोकाइनवरच्या पुस्तकात ते नव्हतं.

गेल्या वर्षी एका गुरुवारी गुरुजी पुन्हा आले. या वेळी बरोबर त्यांच्याहून थोराड एक माणूस होता, तोच बांधा, तेच नाक, डोक्याला टोपी.

"हा माझा मोठा भाऊ," गुरुजी म्हणाले. "याचं बीपी बघा."

गुरुजींना भाऊ आहे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी तसं म्हटल्यावर गुरुजी जरा घुटमळले. मग सांगितलं. बांधाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. शेजारी शेजारी घरं, पण वर्षानुवर्षं शब्द नाही. गळ्याची गाठ हाताला लागली त्या दिवशी, माझ्याकडे यायच्याही आधी, गुरुजी भावाच्या ओट्यावर जाऊन बसले होते आणि म्हणाले होते, दादा, मी काही आता राहत नाही, तेव्हा बोलून घेऊ. दादा रडले, हे रडले, बांधाचा विषय तिथंच मिटला. गुरुजी बरे झाल्यावर काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही, म्हणून बोलणं चालू राहिलं.

दादा हे सगळं खाली बघत ऐकत होते. बीपी थोडं वर होतं, काळजीचं नव्हतं. मी गोळी लिहून दिली. दादांनी बाही खाली केली, टोपी नीट केली आणि जरा पुढे वाकून मला विचारलं,

"डॉक्टरबाई, आता ह्याची तब्बेत कशी हाय? एकदम बरी?"

"एकदम बरी. अजून पुष्कळ वर्षं काही होत नाही त्यांना."

दादांनी भावाकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे तवर बोलाय लागंल," ते म्हणाले, आणि भावाचा हात धरून उठले.